मुक्तीच्या आगीचं नाव घेता, तर तिची कसोटीही घ्या: आमच्या पाळकसाहेबांना आणि पंचकमिटीला खुले पत्र

प्रिय पाळकसाहेब आणि पंचकमिटीतील सर्व बंधुभगिनींनो,

येशूच्या नावात सलाम.

गेल्या रविवारी उपासनेनंतर तुम्ही सूचना वाचून दाखवल्या. यापुढे दर तीन महिन्यांनी तीन दिवसांची संजीवन सभा होणार. तिच्या खर्चासाठी गरीब निधी आणि औषध निधी सभेच्या खात्यात वळवणार. बुधवारचा शास्त्राभ्यास बंद, कारण त्या संध्याकाळी सभेची तयारी. आणि शेवटी, कागदाकडे न बघता, तुम्ही म्हणालात की आत्म्याच्या कार्याबद्दल शंका काढणाऱ्यांनी पवित्र आत्म्याविरुद्ध दुर्भाषणाचं पाप माथी घेऊ नये. निम्म्या माना माझ्याकडे वळल्या. नुकत्याच झालेल्या सभेबद्दल महिनाभरापूर्वी बैठकीत प्रश्न विचारणारी मीच होते.

त्या प्रश्नांची उत्तरं अजून मिळालेली नाहीत. दोन पत्रं दिली, त्यांची पोचसुद्धा आली नाही. म्हणून हे तिसरं सगळ्यांसमोर लिहिते आहे. गावाचं आणि मंडळीचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि अशा सभा जिथे जिथे होतात तिथल्या विश्वासणाऱ्यांनाही वाचता येईल.

सध्याच्या दिवसांत ख्रिस्ती माणसाने घरचं चव्हाट्यावर आणू नये, लोक आधीच आपल्याकडे संशयाने बघतात, असं दोघा-तिघांनी मला कळकळीने सांगितलं. ती भीती मलाही वाटते. पण आपल्या मांडवात एका बाईचं औषध सुटलं आणि ती मरता मरता वाचली, हे झाकून ठेवून आपली अब्रू राहणार नाही. उद्या दुसऱ्या कुणी बोट दाखवण्याआधी आपणच बोललेलं बरं.

मी या मंडळीत वाढले. लग्न इथेच झालं, दोन्ही लेकरांचा बाप्तिस्मा इथेच झाला, यजमानांना याच दारातून शेवटचं नेलं. ३४ वर्षं परिचारिका म्हणून नोकरी केली. तेव्हा शरीराला काय होतं आणि मनाला काय होतं, दोन्ही मी जवळून पाहिलेलं आहे. आणखी एक नातं सांगायला हवं, कारण त्या सभेत तुमच्या पाहुण्या वक्त्यांनी त्याला हात घातला. पहिल्याच रात्री ते ओरडून म्हणाले, "केडगावची आग इथे उतरू दे! १९०५ पुन्हा होऊ दे!" मांडवात टाळ्या पडल्या. मी मात्र खुर्चीत आखडून बसले. माझी पणजी त्या आगीत होती.

छप्पनच्या (विक्रम संवत १९५६च्या) दुष्काळात, म्हणजे १९००च्या सुमारास, पंडिता रमाबाईंनी गुजरातकडून ज्या उपाशी मुली आणल्या त्यांतली ती एक. वय कुणाला माहीत नव्हतं, आठ-नऊ असेल. तोपर्यंत दौंडजवळच्या केडगावच्या माळावर, रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, मध्य प्रांतातल्या आधीच्या दुष्काळातल्या मुली होत्याच. दोन्ही मिळून दोन हजारांच्या आसपास लेकरं आणि बाया झाल्या. पणजीची गोष्ट मला आजीने सांगितली, आणि आजी गोष्टीत मीठ-मसाला घालणारी नव्हती.

ब्रिटनमधल्या वेल्समध्ये १९०४ साली जागृती झाल्याची, म्हणजे लोकांचा विश्वास नव्याने पेटल्याची, बातमी रमाबाईंपर्यंत आली होती. १९०५च्या सुरुवातीला त्यांनी रोज प्रार्थनेला बसायला कोण तयार आहे असं विचारलं. सत्तरेक जणी उठल्या, जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. जूनच्या अखेरीस एका रात्री मुलींच्या खोलीत रडणं आणि प्रार्थना सुरू झाली. एका मुलीवर आग दिसली म्हणून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, असं तिथेच काम करणाऱ्या मिनी एब्रम्स यांनी लिहून ठेवलं आहे. त्यानंतर कित्येक दिवस मुली मोठमोठ्याने रडत, पापं कबूल करत, सगळ्या एकदम प्रार्थना करत. बाहेरून येणाऱ्या काहींना तो गलका रुचला नाही. रमाबाईंनी तो दडपला नाही. भारतीय माणसाने परदेशी उपासनेच्या साच्यात गप्प बसलंच पाहिजे, असं त्या मानत नव्हत्या.

हे मी आधी सांगते आहे, कारण माझ्यावर आळ आहे की मला रडणं-गाणं सोसत नाही, मी थंड झालेली जुनी ख्रिस्ती आहे. तसं नाही. माझी पणजी तीन दिवस जेवली नव्हती, नुसती रडत होती. आमच्या घरात हे अभिमानाने सांगितलं जातं. पण आजी गोष्ट तिथे थांबवत नसे. चौथ्या दिवशी पणजीने आपल्या गोधडीच्या शिवणीतून एक पितळी फुलपात्र काढलं. पुन्हा दुष्काळ पडला आणि पळावं लागलं तर विकता येईल म्हणून तिने ते स्वयंपाकघरातून चोरून दोन वर्षं लपवलेलं होतं. ते नेऊन दिलं. मग जिच्यावर त्या चोरीचा संशय आला होता त्या मुलीच्या पाया पडली. आणि नंतर आजारी मुलींच्या खोलीत, जिथे कुणी जायला धजत नसे, तिथे स्वतःहून काम मागून घेतलं. लग्न होईपर्यंत ती तिथेच होती. मी परिचारिका झाले तेव्हा आजी म्हणाली, "तुझ्यात तिचं आलंय."

ती आग पेटलेल्या जागी पुढे काय झालं, तेही वक्त्यांनी सांगायला हवं होतं. मुली टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत शुभवार्ता घेऊन गेल्या. छापखाना बायकांनी चालवला. आंधळ्या मुली बोटांनी वाचायला शिकल्या. आणि रमाबाई स्वतः, आत्म्याने भरलेल्या त्या बाई, हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या. खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत अख्खं पवित्र शास्त्र उतरवण्यासाठी त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं दिली. १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमा गेली, १९२२च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, आणि १९२४ साली ते संपूर्ण शास्त्र छापून निघालं. अन्य भाषा, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेली भाषा, बोलणाऱ्या मुलींना त्यांनी अडवलं नाही, पण आपल्याला ते दान मिळालं असा दावाही केला नाही. ते दान नाही म्हणून कुणी त्यांना कमी विश्वासाची म्हटलं असतं का? आमच्या मांडवात म्हणतात.

पाळकसाहेब, केडगावच्या आगीने शास्त्र घरोघर पोचवलं. आपल्या आगीने बुधवारचा शास्त्राभ्यास बंद पाडला. मला झोप येत नाही ती या एका गोष्टीमुळे.

आता तक्रारी सांगते. पहिली सगळ्यांत मोठी, म्हणून तिला जास्त जागा देते.

दुसऱ्या रात्री वक्त्यांनी मधुमेह असलेल्यांना पुढे बोलावलं. आपल्या मंडळीतली एक बाई, चाळिशी ओलांडलेली, दिवसातून दोनदा इन्सुलिन घेणारी, पुढे गेली. तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी सांगितलं, "साखर गेली! विश्वास असेल तर सुई टाकून दे. सुई घेतलीस तर तुझा अविश्वास बोलला." तुम्ही व्यासपीठावर शेजारीच उभे होतात. तिने घरी जाऊन इन्सुलिनच्या बाटल्या कचऱ्यात टाकल्या. तिसऱ्या दिवशी साक्ष दिली, तिचं चित्रण झालं, ते मोबाइलवरून सगळीकडे फिरलं. पाचव्या दिवशी दुपारी तिचा मुलगा माझ्या दारात धावत आला. मी गेले तेव्हा ती कॉटवर आडवी होती. उलट्यांनी थकलेली, ओठ सुकलेले, श्वास खोल आणि जलद, आणि श्वासाला तो गोडसर, सडत आलेल्या फळासारखा वास. हा वास ज्या परिचारिकेने एकदा घेतला ती जन्मात विसरत नाही. माझ्या यंत्रावर आकडा आलाच नाही, साखर यंत्राच्या मापापलीकडे गेली होती. रिक्षात घालून नेलं. चार दिवस अतिदक्षता विभागात होती. वाचली, देवाची स्तुती असो. त्या कॉटवर तिने मला विचारलं, "ताई, माझा विश्वास कमी पडला का गं?"

हा प्रश्न तिच्या तोंडी कुणी घातला? आणि ती दवाखान्यात असताना मांडवातून तिला भेटायला कोण आलं? तिची साक्ष मात्र अजून फिरते आहे. दवाखान्याचं बिल भरायला औषध निधीतून मदत मागितली तेव्हा निधी "वर्ग" झाल्याचं तिला कळलं.

देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे. कुष्ठरोग्याला शुद्ध केल्यावर प्रभूने त्याला सांगितलं, जाऊन स्वतःला याजकाला दाखव. म्हणजे तपासून घे. प्रभू स्वतः तपासायला पाठवतो, तर आपण रक्त तपासून घ्यायला का घाबरतो?

दुसरी गोष्ट मुलांची. संडे स्कूलच्या मुलांना रांगेत उभं करून एकच शब्द भराभर म्हणायला लावला, "जीभ सैल सोडा, येईल" असं सांगून. ज्यांना आलं त्यांना टाळ्या मिळाल्या, ज्यांना नाही आलं ती रडली. माझी नात सात वर्षांची. रात्री तिने मला सांगितलं, "आजी, मी खोटंखोटं केलं. नाहीतर येशूला मी आवडत नाही असं म्हणाले असते." सात वर्षांच्या लेकराने देवाच्या घरात पहिल्यांदा खोटं बोलायला शिकावं, ते आपल्याकडून? पौलाने करिंथकरांना स्पष्ट लिहिलं: अन्य भाषेत बोलायचं तर दोघांनी, फार तर तिघांनी, एकामागून एक, आणि अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहावं. हा नियम आपल्या मांडवात एकदा तरी कुणी वाचला का?

धक्का देऊन पाडणं, तरुण मुलीचे केस धरून "निघ" म्हणून ओरडणं, यावर मी जास्त लिहीत नाही. ज्या मुलीबरोबर ते झालं तिला पुन्हा त्याच चर्चेत ओढायचं नाही. दुष्टात्मा काढण्याच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्रात २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, एवढं पंचांनी लक्षात ठेवावं.

रात्री दहानंतर भोंगे चालू होते. शेजारी प्रसूतिगृह आहे. यात मला आणखी काही समजावून सांगायचं नाही.

आणि आपापसातलं वागणं. शेवटच्या रात्री दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून रडले, अख्ख्या मांडवाने हालेलुया म्हटलं. बांधावरून त्यांचा दावा सात वर्षं कोर्टात चालू आहे. मला खरंच वाटलं, आता मिटलं. पुढच्या सोमवारी तारीख होती, दोघंही आपापल्या वकिलाबरोबर हजर. त्यांना दोष देत नाही. पण तुम्ही पाळक म्हणून मंगळवारी त्यांच्या घरी का गेला नाहीत? अश्रू गरम असताना बांध एक हात सरकला असता. शुभवर्तमानातला जकातदार जक्कय झाडावरून उतरला तेव्हा त्याने साक्ष काय दिली? अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि लुबाडलेलं चौपट परत. हिशेबच सांगितला त्याने, आणि प्रभू म्हणाला, आज या घराला तारण झालं आहे.

वेल्सच्या जागृतीतही लोकांनी जुनी कर्जं फेडली. तिचं दुसरं अंगही आपण विसरू नये. पुढारी इव्हान रॉबर्ट्स, पूर्वी कोळशाच्या खाणीत काम केलेला सव्वीस वर्षांचा तरुण, रात्र-रात्र सभा घेऊन दीड-दोन वर्षांत पार कोसळला आणि सार्वजनिक कामातून बाजूला गेला. खऱ्या जागृतीतही माणसाच्या शरीराची आणि मनाची काळजी कुणीतरी घ्यावी लागते.

तुम्ही म्हणाल, मग खरं-खोटं ओळखायचं कसं, हिला कोण अधिकार देतं? हा प्रश्न अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत अगदी याच शब्दांत विचारला गेला. मॅसॅच्युसेट्सच्या नॉर्थॅम्प्टन गावचे पाळक जोनाथन एडवर्ड्स यांच्या मंडळीत १७३४-३५ साली मोठी जागृती झाली. ती ओसरता ओसरता, आपल्या आत्म्याच्या चिंतेने ग्रासलेल्या त्यांच्या स्वतःच्या मावसोबाने जीव दिला. एडवर्ड्सनी ते लपवलं नाही, लिहून प्रसिद्ध केलं. १७४१ साली येल कॉलेजात भाषण करताना त्यांनी सांगितलं की रडणं, थरथरणं, किंचाळणं, कोसळणं यांवरून काम आत्म्याचं आहे हे ठरत नाही आणि नाही हेही ठरत नाही. मग योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय उघडून विचारलं: येशूबद्दलचा आदर वाढला का? पापाची ओढ कमी झाली का? शास्त्राकडे माणसं जास्त वळली का? सत्य कळू लागलं का? देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती आली का?

एडवर्ड्स स्वतः गुलाम बाळगत होते. शेजाऱ्यावरच्या प्रीतीची कसोटी लिहिणाऱ्या हातानेच माणूस विकत घेतल्याची नोंद आहे. हे मी मुद्दाम लिहिते, कारण कसोटीतून कुणी सुटत नाही. ते नाही, तुम्ही नाही, मीही नाही.

त्याच काळातला एक प्रवासी उपदेशक, जेम्स डेव्हनपोर्ट. १७४३च्या मार्चमध्ये न्यू लंडन गावात त्याने लोकांना धक्क्यावर जमवून भल्याभल्या धर्मगुरूंची पुस्तकं जाळायला लावली. दुसऱ्या दिवशी भपकेबाज कपड्यांचा ढीग रचला. इतर पाळकांना तो उघडउघड अधर्मी ठरवत असे. पण पुढच्याच वर्षी त्याच माणसाने छापून कबुली दिली: मी चुकलो, ज्याला मी देवाचा आत्मा समजलो तो खोटा आत्मा होता. पाळकसाहेब, त्याची आग मला आदर्श वाटत नाही, ती कबुली वाटते. व्यासपीठावर घडलेली चूक व्यासपीठावरूनच मागे घेतली तर मंडळी तुम्हाला कमी लेखणार नाही. मी तर मुळीच नाही.

प्रश्न विचारणं हे दुर्भाषण आहे, असं तुम्ही म्हणालात. पण प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, ते आत्मे देवापासून आहेत की नाहीत हे पारखा, ही आज्ञा योहानाने विश्वासणाऱ्यांनाच दिली आहे. पारखणाऱ्याला भीती घालणं शास्त्रात कुठेही बसत नाही. तो शब्द तुम्ही मागे घ्यावा.

माझ्या मागण्या अशा.

त्या भगिनीच्या घरी तुम्ही आणि दोन पंच जा. तिचा विश्वास कमी पडला नव्हता, चूक आपली झाली, हे तिला तोंडाने सांगा. तिच्या साक्षीचं चित्रण काढून टाका, ज्यांना पाठवलं त्यांना खरं काय झालं ते कळवा, आणि दवाखान्याचं बिल मंडळीने भरावं.

यापुढे कोणत्याही सभेच्या सुरुवातीला स्पष्ट जाहीर करा की डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही औषध बंद करणार नाही. बरं झाल्याची साक्ष तपासणीचा कागद पाहिल्यानंतरच द्यावी. वक्त्याला हे मान्य नसेल तर त्याला बोलावू नका.

गरीब निधी आणि औषध निधी जसे होते तसे परत उभे करा. झालेल्या सभेचा जमाखर्च, मंडप, भोंगे, वक्त्यांचं मानधन, टोपलीत आलेलं दान, सगळं फलकावर लावा.

अठरा वर्षांखालच्या मुलांना अन्य भाषेसाठी किंवा "पाडण्या"साठी पुढे बोलावू नका. स्त्रियांसाठी प्रार्थना करताना शेजारी स्त्रीच असावी.

बुधवारचा शास्त्राभ्यास सुरू करा. जागा नसेल तर माझी ओसरी आहे, पंधरा माणसं बसतात, चहा मी करेन. पण तो मंडळीचा म्हणून व्हावा, तुम्ही यावं.

आणि पुढची सभा घेण्याआधी मागच्या सभेत हात वर केलेल्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी जाऊन यावं. यादी तुमच्याकडे आहे. किती जण रविवारी येतात, कुणाचं भांडण मिटलं, कुणाची दारू सुटली, कुणाचं बिघडलं, हे नीट लिहून बैठकीत ठेवा. त्या कामाला मी आठवड्यातले तीन दिवस द्यायला तयार आहे. रक्तदाब आणि साखरेचं यंत्रही बरोबर घेईन, तेवढंच कुणाच्या उपयोगी पडेल.

त्या भावांच्या दाव्याची पुढची तारीख याच महिन्यात आहे. त्याआधी तुम्ही जाल का? एकटं जाणं अवघड वाटत असेल तर मी येते. थोरल्याच्या बायकोचं बाळंतपण मी केलं होतं, ती मला दार उघडेल.

येत्या रविवारी मी नेहमीप्रमाणे डावीकडच्या तिसऱ्या बाकावर असेन. उपासनेनंतर बैठक बोलवा, मी थांबते.

ख्रिस्तात तुमची भगिनी,
मंडळीची एक सभासद, निवृत्त परिचारिका